नोकरी गेलेल्या बापाचा नाताळ: कंट्री संगीतातल्या सणाच्या अल्बमांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर सरत आला की अमेरिकेतली दुकानं आणि रेडिओ केंद्रं नाताळच्या गाण्यांनी भरून जातात. बर्फ, घंटा, शेकोटी, झाडाखालच्या भेटी. यातली बरीच गाणी न्यूयॉर्क आणि हॉलिवूडच्या गीतकारांनी लिहिली आणि कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या गायकांनीही ती हौसेनं गायली. पण कंट्रीनं, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतल्या लोकगीतांतून वाढलेल्या या संगीतानं, सणात स्वतःची म्हणून जी भर घातली, ती निराळी आहे. ज्याच्या घरी यंदा सण नीट होणार नाही, त्याचं गाणं कंट्रीनं गायलं. माझे सगळ्यात आवडते कंट्री नाताळ अल्बम तेच आहेत, ज्यांत आनंदाच्या शेजारी ही दुखरी बाजूही जागा धरून बसलेली असते.

कंट्रीचं एक मूळ पूर्व अमेरिकेतल्या अॅपलेशियाच्या डोंगराळ मुलखात आहे आणि तिथला जुना नाताळ पंचवीस डिसेंबरला संपत नसे. १७५२ साली ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी नवं कॅलेंडर स्वीकारलं आणि तारखेतून अकरा दिवस गाळले. डोंगरातल्या कित्येक कुटुंबांनी तरीही जुना नाताळ सोडला नाही. तो ते ६ जानेवारीला साजरा करत राहिले. नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या गावांत या मधल्या दिवसांत रोज रात्री एकेका घरी नाच रंगायचा. खोलीतल्या खाटा आणि सामान बाहेर काढायचं, फिडल (लोकसंगीताच्या ढंगात वाजवायचं व्हायोलिन) आणि बँजो वाजवणाऱ्यांनी दोन खोल्यांच्या मधल्या दारात बसायचं, म्हणजे दोन्हीकडच्या नाचणाऱ्यांना ठेका ऐकू येतो. ‘ब्रेकिंग अप ख्रिसमस’ या नावाची त्या रात्रींची धून तिकडचे वादक आजही वाजवतात.

रेकॉर्ड कंपन्यांच्या हिशेबातला नाताळ आला तो जीन ऑट्रीबरोबर. पडद्यावरचा हा गाणारा काउबॉय १९४६ साली हॉलिवूडच्या सांताक्लॉज मिरवणुकीत आपल्या ‘चॅम्पियन’ घोड्यावर बसून चालला होता. मागून सांताची गाडी येत होती आणि रस्त्याच्या कडेची पोरं ‘आला, सांता आला’ म्हणून ओरडत होती. त्या ओरड्यातून १९४७चं ‘हिअर कम्स सांताक्लॉज’ जन्मलं. दोनच वर्षांनी ऑट्रीनं ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ गायलं. गाणं त्याला फारसं पसंत नव्हतं, त्याची पत्नी आयना हिनं आग्रह धरला म्हणून त्यानं ते घेतलं.

या लाल नाकाच्या हरणामागे एक दुःख आहे. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीत जाहिराती लिहिणाऱ्या रॉबर्ट मे यानं १९३९ साली ही गोष्ट लिहिली. गिऱ्हाइकांच्या मुलांना नाताळात फुकट वाटायची पुस्तिका, एवढंच ते काम होतं. लिहिताना त्याची बायको कर्करोगानं अंथरुणाला खिळलेली होती आणि त्याच वर्षी जुलैत ती गेली. घरी लहान मुलगी. तरी मे यानं गोष्ट पूर्ण केली. पुढे त्याच्या बहिणीचा नवरा जॉनी मार्क्स यानं त्या गोष्टीचं गाणं केलं. सगळ्यांनी टर उडवलेल्या हरणाला शेवटी मान मिळतो, ही गोष्ट त्या घरात लिहिली गेली हे कळल्यापासून मला ते गाणं नुसतं बालगीत वाटत नाही.

१९५०च्या जानेवारीत ‘रुडॉल्फ’ लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच महिन्यात ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं ऐकायच्या यंत्रावर, वाजणाऱ्या कंट्री गाण्यांच्या यादीत अर्नेस्ट टबचं ‘ब्लू ख्रिसमस’ अव्वल ठरलं. आवडतं माणूस सोबत नसताना दिवे, झाड, सजावट सगळं फिकं वाटतं, एवढाच त्या गाण्याचा आशय. टब टेक्सासचा. गुत्त्यात बसून ऐकायच्या हाँकी-टाँक गाण्यांत मुरलेला. त्याच्या सपाट, किंचित घसरत्या सुरात रडगाणं नाही, म्हणून ते जास्त लागतं. १९५७ साली एल्विस प्रेस्लीनं आपल्या नाताळच्या अल्बममध्ये हेच गाणं घेतलं आणि ते जगभर गेलं. पण वाट टबनं पाडलेली होती.

लाँग प्ले रेकॉर्ड, म्हणजेच एलपी, १९४८मध्ये बाजारात आली. त्याआधी अल्बम म्हणजे खरोखरच फोटोंच्या अल्बमसारखी बांधणी असे, पानापानांत मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या खोचलेल्या. एलपीच्या एकाच तबकडीवर बारा गाणी बसू लागली, कंपन्यांना नाताळच्या रेकॉर्डींचं गणित उमगलं आणि हरेक नावाजलेल्या गायकाचा एक नाताळ अल्बम यायला लागला. इतर रेकॉर्डी सहा महिन्यांत जुन्या होतात. ही मात्र दरवर्षी नव्यानं विकता येते. १९६३पासून ‘बिलबोर्ड’ या संगीत व्यवसायाच्या अमेरिकी साप्ताहिकानं नाताळच्या रेकॉर्डींची वेगळी यादीच छापायला घेतली.

त्या सुमारास नॅशव्हिलचा आवाजही बदलत होता. रॉक अँड रोलनं तरुण गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा चेट अॅटकिन्स आणि डेक्का कंपनीचा ओवेन ब्रॅडली या दोन निर्मात्यांनी कंट्रीतून फिडल आणि स्टील गिटार मागे सारली, व्हायोलिनांचा ताफा आणि मऊ कोरस पुढे आणला. जुन्या रसिकांना ते रुचलं नाही, आणि त्यांची तक्रार रास्त होती. पण नाताळच्या गाण्यांना हा बाज विलक्षण मानवला. १९५८च्या ऑक्टोबरात ब्रॅडलीच्या स्टुडिओत तेरा वर्षांच्या ब्रेंडा लीनं ‘रॉकिंग अराउंड द ख्रिसमस ट्री’ ध्वनिमुद्रित केलं. हंगाम वाटावा म्हणून स्टुडिओत ख्रिसमस ट्री उभारून वातानुकूलन गारेगार ठेवलं होतं. गिटारवर हँक गार्लंड, पियानोवर फ्लॉइड क्रेमर, सॅक्सोफोनवर बूट्स रँडॉल्फ. पहिल्या दोन वर्षांत गाणं फारसं खपलं नाही. पासष्ट वर्षांनी, २०२३च्या डिसेंबरात, ते अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिलं आलं.

या नव्या बाजाचा सगळ्यात सुंदर नाताळ अल्बम म्हणजे जिम रीव्हजचा ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’, १९६३चा. रीव्हज टेक्सासच्या शेतकरी घरातला, आधी बेसबॉल खेळणारा, मग रेडिओ निवेदक. सुरुवातीला तो खड्या आवाजात गायचा. १९५७च्या ‘फोर वॉल्स’च्या वेळी तो मायक्रोफोनच्या अगदी जवळ सरकला आणि कानाशी बोलावं तसा हळू गायला. तेव्हापासून तीच त्याची ओळख झाली. निवेदकाची शिस्त त्याच्या गळ्यात कायम राहिली, एकही शब्द तो गिळत नाही. अल्बमची सुरुवात ‘जिंगल बेल्स’नं, पाठोपाठ ‘ब्लू ख्रिसमस’. ‘अॅन ओल्ड ख्रिसमस कार्ड’ हे गाणं जुन्या सामानात सापडलेल्या शुभेच्छापत्राचं आहे, आणि ते ऐकताना रीव्हजचा आवाज जितका हळवा होतो तितका तो इतर कुठेच होत नाही. शेवटी ‘सायलेंट नाइट’. हा अल्बम बाजारात असताना रीव्हजला एकच नाताळ पाहायला मिळाला. ३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ वादळी पावसात तो स्वतः चालवत असलेलं छोटं विमान कोसळलं. तो चाळीस वर्षांचा होता.

हा अल्बम आपल्याकडे मात्र घरचा झाला. वांद्र्यापासून वसईपर्यंतच्या ईस्ट इंडियन आणि इतर ख्रिस्ती घरांत, तसंच गोव्यात, कुलकुल वळताना आणि नेवऱ्या तळताना जिम रीव्हज लागतोच. अमेरिकेत आज त्याचं नाव मुख्यतः जुन्या पिढीच्या तोंडी आहे. भारत, श्रीलंका, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका इथे त्याचा चाहतावर्ग त्याच्या पश्चातही टिकला. मला याची दोन कारणं दिसतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या, पण अमेरिकी उच्चारांची सवय नसलेल्या माणसाला त्याचा शब्द न् शब्द कळतो. आणि अल्बमच्या शेवटाकडची भक्तिगीतं चर्चच्या गायकवृंदात जमतील अशा संथ लयीत आहेत. ऐकता ऐकता सगळं घर गायला लागतं.

जॉनी कॅशचा ‘द ख्रिसमस स्पिरिट’ही १९६३चाच, गंभीर आणि थोडा जड. १९६५चा बक ओवेन्सचा अल्बम कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा, इलेक्ट्रिक गिटारच्या धारदार ठणठणाटाचा. पार्टीला लावावा तर हाच. १९६६चा लोरेटा लिनचा ‘कंट्री ख्रिसमस’ मात्र फुरसतीनं ऐकण्याजोगा आहे. केंटकीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची ही मुलगी सांतालाही दोन शब्द सुनावते.

विली नेल्सननं १९६३ साली ‘प्रिटी पेपर’ लिहिलं. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या एका मोठ्या दुकानाबाहेर पाय गमावलेला एक माणूस जमिनीवर बसून पेन्सिली आणि भेटी बांधायचा रंगीत कागद विकत असे. खरेदीच्या घाईतली माणसं त्याला ओलांडून जात. त्याच्यावरचं हे गाणं पहिल्यांदा रॉय ऑर्बिसननं गायलं. १९७९मध्ये नेल्सननं स्वतःच्या नाताळ अल्बमला तेच नाव दिलं. निर्मिती बुकर टी. जोन्सची, साथ जेमतेम, आणि म्हणूनच त्या माणसाची हाक नीट ऐकू येते.

आणि मर्ल हॅगार्ड. ओक्लाहोमातून पोटासाठी कॅलिफोर्नियाला आलेल्या कुटुंबात तो वाढला, रेल्वेच्या जुन्या डब्याचं घर करून राहणाऱ्या घरात. नऊ वर्षांचा असताना वडील गेले, विशीत सॅन क्वेंटिनचा तुरुंग पाहून झाला. १९७३च्या त्याच्या नाताळ अल्बमची एक बाजू ‘व्हाइट ख्रिसमस’सारख्या ओळखीच्या गाण्यांची होती, दुसरी नव्या गाण्यांची. त्या नव्या बाजूवर ‘इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर’ होतं. कारखान्यातून कामावरून काढलेला बाप म्हणतो की डिसेंबर निभावला तर सगळं मार्गी लागेल. छोट्या मुलीला मात्र कळत नाही की यंदा बाबा नाताळ का आणू शकत नाहीत. उन्हाळा आला की कुठेतरी उबदार जागी जाऊ, बहुधा कॅलिफोर्नियाला, असं तो स्वतःलाच समजावतो. त्याच ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं होतं, पेट्रोलसाठी रांगा लागत होत्या आणि मंदी दारात होती. गाणं कंट्रीच्या यादीत चार आठवडे पहिलं राहिलं, त्यातले काही आठवडे नाताळ होऊन गेल्यावरचे. सणाचं गाणं सण सरल्यावरही चाललं, कारण कामाची चिंता काही सरली नव्हती.

पुढचा काळ टीव्हीचा. डॉली पार्टन आणि केनी रॉजर्स यांचा १९८४चा ‘वन्स अपॉन अ ख्रिसमस’ टीव्हीवरच्या खास कार्यक्रमासोबत आला आणि प्रचंड खपला. गोड आहे, चकचकीत आहे. मला त्यात हॅगार्डच्या घरातला गारठा सापडत नाही. १९७९चा एमिलू हॅरिसचा ‘लाइट ऑफ द स्टेबल’ मी त्याच्या आधी ठेवेन. त्यात फिडल आणि मँडोलिन परत पुढे येतात. यंदा पहिल्यांदाच हे अल्बम ऐकणार असाल तर हॅगार्डची नव्या गाण्यांची बाजू आधी ऐका, मग हॅरिस, आणि घरात चारजण जमले की रीव्हज लावा.