सिकलसेलच्या खाटेपाशी सिस्टर काय करते

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की लोकांना शेकोटी आणि हुरडा आठवतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांत मात्र गोधड्या आणि गरम पाण्याच्या पिशव्या बाहेर निघतात, कारण या आजारात थंडी लागली की दुखण्याचा झटका येऊ शकतो. उन्हाळाही काही सोयरा नाही. मे महिन्यात अंगातलं पाणी आटलं की तीच गत. विदर्भात आणि शेजारच्या छत्तीसगड-मध्य प्रदेशात हा आजार बराच आहे. त्यामुळे मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेला सिकलसेलचा रुग्ण नवा नसतो.

या रुग्णाच्या खाटेपाशी ती जे करते त्याला आपण ‘माया’ म्हणतो आणि कौतुक करून मोकळे होतो. मला ते कौतुक जरा खटकतं. माया ही बाईमाणसाला उपजतच असते असं एकदा मानलं, की तिच्यासाठी ना वेळ द्यावा लागतो, ना माणसं भरावी लागतात. प्रत्यक्षात या मायेचे परिणाम रक्तवाहिन्यांत आणि फुप्फुसांत मोजता येतात.

आधी आजार समजून घेऊ. तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच. पण असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून मोकळं झालं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत, नागपूरच्या इतवारी बाजारातल्या बोळात आडव्या लागलेल्या हातगाडीसारख्या अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडं, पाठ, छाती असह्य दुखू लागते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस.

यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ते दोरे बनायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून सुटून पुढे निघाली, तर फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते आणि बचावते. रक्त सावकाश वाहिलं, की पेशी तिथेच रेंगाळते आणि वाकडी होते. म्हणजे रक्तवाहिनी सैल आहे की आकसलेली, यावर बरंच अवलंबून असतं.

रक्तवाहिन्या थंडीने आकसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या भीतीनेही आकसतात. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी सिकलसेलच्या रुग्णांच्या बोटातला रक्तप्रवाह मोजला; तो अभ्यास २०२० साली छापून आला. आता दुखणार आहे, असं सांगून नुसतं वाट पाहायला लावलं तरी रक्तवाहिन्या आकसल्या. निरोगी माणसांतही हेच दिसलं, पण त्यांच्या गोल पेशी अरुंद वाटेतूनही निभावून नेतात. भीतीमुळेच झटका येतो असं यातून सिद्ध होत नाही. तरी सुई टोचण्याआधी हात ऊबदार करून घेणारी, ‘आता टोचते हं’ असं सांगून मगच टोचणारी आणि ‘अर्ध्या तासानं परत येते’ म्हणून खरोखर येणारी सिस्टर रुग्णाची वाट पाहण्यातली धास्ती कमी करते. म्हणून तिच्या या सवयींना मी नुसतं सौजन्य समजत नाही.

सगळ्यात अवघड काम दुखणं मान्य करण्याचं. सिकलसेलचं दुखणं एक्सरेत दिसत नाही आणि ते मोजणारी रक्ताची तपासणीही नाही. वरचेवर भरती होणारा विशीतला पोरगा औषधाचं नाव घेऊन इंजेक्शन मागतो, तेव्हा ‘याला सवय लागली असेल’ ही शंका जगभरच्या रुग्णालयांत घेतली जाते. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात, की रुग्ण आल्यापासून तासाभरात वेदनाशामक द्या आणि दर ३० ते ६० मिनिटांनी दुखणं पुन्हा तपासा. औषध डॉक्टर लिहून देतात, पण दर अर्ध्या तासाने खाटेपाशी कोण येणार?

दुखण्याला शून्य ते दहात किती गुण, हा पुस्तकी प्रश्न गडचिरोलीहून आलेल्या आजीबाईला विचारून पाहा. मुरलेली सिस्टर तो विचारतच नाही. “सिस्टर, लय दुखून रायलं,” असं ऐकलं की ती म्हणते, “कुठं दुखून रायलं? सकाळपेक्षा कमी का जास्त?” आणि उत्तर केसपेपरवर वेळेसकट लिहिते.

औषध देण्याच्या पद्धतीलाही वजन आहे. इटलीत ट्यूरिनचे संशोधक फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना तेच वेदनाशामक दोन तऱ्हेने दिलं: कुणी समोर येऊन, सांगून, किंवा रुग्णाला कळू न देता यंत्रातून. गुपचूप दिलेल्या औषधाने दुखणं कमी थांबलं. सलाईनमध्ये न बोलता सुई रिकामी करून पुढच्या खाटेकडे वळणं म्हणजे औषधाचा काही भाग वाया घालवणंच.

मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र एका प्लॅस्टिकच्या खेळण्यासारख्या वस्तूचा आहे. तीन नळ्यांत तीन रंगीत गोळे आणि एक तोटी, असा स्पायरोमीटर तुम्ही वॉर्डात पाहिला असेल. छाती दुखते म्हणून रुग्ण श्वास वरवर घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही आणि तिथे गुंतागुंत सुरू होते. १९९५ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका छोट्या चाचणीत छाती-पाठ दुखणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांकडून, जागे असताना दर दोन तासांनी या यंत्रावर १० खोल श्वास करून घेतले. त्या गटात १९ भरत्यांपैकी एकातच फुप्फुसाची गुंतागुंत झाली. ज्यांना यंत्र दिलं नव्हतं त्यांच्यात १९ पैकी ८ मध्ये.

यंत्र स्वस्त आहे, पण नुसतं उशाशी ठेवून काही होत नाही. पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक जण त्यात फुंकतात. गोळे हलत नाहीत म्हणून यंत्र बाजूला पडतं. “फुंकू नको रे, आत ओढ. स्ट्रॉनं पितो तसं. हां, आता धरून ठेव,” असं कुणीतरी शेजारी बसून दहा वेळा म्हणावं लागतं. एका खेपेला पाच मिनिटं धरली, तरी असे चार रुग्ण म्हणजे वीस मिनिटं, आणि दोन तासांनी पुन्हा वीस.

इथे हिशोब अडतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी वॉर्डात रात्री राहिलेल्या कुणालाही विचारा, हा आकडा ऐकून तो हसेल. युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाख २२ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा: परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला, की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. शंभरात सात जास्त दगावतात असा याचा अर्थ नव्हे. मुळात जी शक्यता होती तिच्यात ७ टक्क्यांची भर पडते. कामाचा रेटा वाढला की इंजेक्शनं आणि सलाईन कशीबशी होतात. आधी सुटतं ते शेजारी बसणं.

म्हणून आपल्याकडच्या हुशार सिस्टर डबा घेऊन आलेल्या नातेवाइकालाच गोळ्यांचं यंत्र शिकवून ठेवतात, कोमट पाणी किती वेळा पाजायचं ते सांगतात, अंगावर थंड वारा येणारी खिडकी लावून घ्यायला लावतात. आणि एक ताकीद देतात, ती तुम्हीही ध्यानात ठेवा: सिकलसेलच्या रुग्णाची छाती दुखू लागली, ताप चढला किंवा श्वास जोरात चालायला लागला, तर डॉक्टरांच्या राऊंडची वाट पाहू नका. तडक सिस्टरला उठवा.