वाय-फाय जोडलं, पत्ता मिळेना: फायरवॉलवरच्या ‘ब्रिज’ची पार्श्वभूमी

घरच्या पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्सच्या (ही फायरवॉल-राउटरची मोफत सॉफ्टवेअरं) पेटीतच वायरलेस कार्ड बसवून ते लॅनशी, म्हणजे घरातल्या तारेच्या नेटवर्कशी, ब्रिज केलं, की एक तक्रार हमखास येते. फोन जोडला जातो, पासवर्ड बरोबर, रेंज भरपूर, पण आयपी पत्ता मिळत नाही. हातानं पत्ता घातलेला लॅपटॉप मात्र कधीकधी सुरळीत चालतो. या विषयावरचे जुने-नवे सल्ले एकमेकांना छेद देतात, कारण ते वेगवेगळ्या काळातले आहेत.

‘ब्रिज’ हा शब्दच आधी गोंधळाचा. आपल्याकडे तो बहुतेकांनी प्रथम ऐकला २००५ नंतर, घरोघरी ब्रॉडबँड आलं तेव्हा. मोडेम ‘ब्रिज मोड’मध्ये टाका आणि पीपीपीओई (ब्रॉडबँडचं लॉगिन) संगणकावरून लावा, हा तेव्हाचा मंत्र. तो ब्रिज वेगळा. दोन इमारतींमध्ये वायरलेस दुवा टाकतात, तोही ब्रिजच. शिवाय अॅक्सेस पॉइंट स्वतःच वायर आणि हवा यांच्यातला ब्रिज असतो. आपला विषय चौथा: फायरवॉलच्या आतला सॉफ्टवेअर ब्रिज, जो दोन कार्डांना एकाच लॅनचे भाग बनवतो. कार्ड अॅक्सेस पॉइंट म्हणून चालत असेल तरच हे जमतं. ते क्लायंट असेल तर नाही, कारण ८०२.११ या वाय-फाय मानकाच्या नेहमीच्या फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) तीनच पत्ते वापरात असतात आणि मागच्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, ठेवायला जागाच उरत नाही.

ब्रिजचं मूळ तंत्र १९८०च्या दशकातलं. स्पॅनिंग ट्रीसकट (ही पॅकेट्स गोल गोल फिरू नयेत म्हणूनची पद्धत) त्याचं मानक १९९०मध्ये आलं. तो भाग इथे फारसा कामाचा नाही. कामाची सुरुवात २००४पासून.

त्या वर्षी मोनोवॉल या फायरवॉलची १.० आवृत्ती आली आणि त्याच वर्षी तिच्यातून पीएफसेन्सची शाखा फुटली. दोन्हींमध्ये ब्रिज करणं म्हणजे जादा इंटरफेसच्या (नेटवर्क जोडणीच्या) पानावर ‘ब्रिज विथ’ या यादीतून लॅन निवडणं, बस. पत्ता लॅनवर, यंत्रांना पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवाही लॅनवर. इतकं सोपं, की आत काय घडतंय हे कुणी पाहिलंच नाही. मोनोवॉलमध्ये ब्रिजमधून जाणारी पॅकेट्स मुळात फायरवॉलच्या नियमांनी गाळलीच जात नसत. गाळायची असतील तर ‘फिल्टरिंग ब्रिज’ची चौकट मुद्दाम टिक करावी लागे. पीएफसेन्सनं फ्रीबीएसडी या खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा ब्रिज घेतला आणि प्रत्येक सदस्य इंटरफेसवर नियम लागू होऊ लागले. ‘नियमांची गरजच नाही’ असं सांगणारा आणि ‘नियम लिहाच’ म्हणणारा, दोघेही आपापल्या काळात बरोबर होते.

पत्ता न मिळण्याचं नेहमीचं कारण इथेच दडलंय. ज्या इंटरफेसवर डीएचसीपी सर्व्हर सुरू असतो, तिथे त्याला लागणारी वाट आपोआप उघडते. ब्रिजच्या दुसऱ्या सदस्यावर सर्व्हर नसतो, म्हणून वाटही नसते. फोनची पत्ता मागणारी पहिली हाक ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ कडे, पोर्ट ६८ वरून ६७ ला जाते. ‘स्रोत: लॅन सबनेट’ (लॅनच्या पत्त्यांचा गट) अशा नियमात ती बसत नाही, हातानं पत्ता दिलेला लॅपटॉप बसतो. वायरलेस इंटरफेसचं, म्हणजे ‘ऑप्ट१’चं, ‘ऑप्ट१ नेट’ लिहिलं तर कुणीच बसत नाही, कारण त्या इंटरफेसला स्वतःचं सबनेटच नसतं.

सप्टेंबर २०११मध्ये पीएफसेन्स २.० आली आणि ब्रिज हा स्वतंत्र इंटरफेस झाला. खालची फ्रीबीएसडी ८च्या पिढीची असल्यानं वायरलेस कार्डावर आभासी इंटरफेसही आले. मग वाद पेटला: पत्ता लॅनवरच ठेवायचा की ब्रिजवर न्यायचा? आणि गाळणी कुठे? त्यासाठी दोन ट्युनेबल (बदलता येणाऱ्या सेटिंग) आहेत: पीफिल-मेंबर सदस्य इंटरफेसवर गाळतो, पीफिल-ब्रिज खुद्द ब्रिजवर. पीफिल-मेंबर १ आणि पीफिल-ब्रिज ० ही पीएफसेन्सची मूळ मांडणी. उलट केलं, की नियम ब्रिजवर एकाच जागी लिहिता येतात. माझा कौल उलट मांडणीला. घरात तारेवरचा टीव्ही आणि हवेतला फोन यांच्यात वेगळी गाळणी हवी असेल, तर मुळात ब्रिज करायचाच कशाला? दोन सबनेट करावीत. पण ब्रिजवर पत्ता नेणाऱ्यांनाही सुख नव्हतं: ब्रिजचा मॅक पत्ता दर बूटला बदले आणि विंडोज ७ प्रत्येक वेळी ‘हे घरचं नेटवर्क की सार्वजनिक?’ असं नव्यानं विचारी.

नंतर फ्रीबीएसडीचे वायरलेस ड्रायव्हर नव्या मानकांच्या मागे पडत गेले. बहुतेकांनी आतलं कार्ड काढून वेगळा अॅक्सेस पॉइंट स्विचला जोडला. जुना राउटर त्यासाठी चालतो; केबल त्याच्या लॅन पोर्टात घालायची आणि त्याचा डीएचसीपी बंद करायचा. ही दुसरी पायरी विसरली, की दोन सर्व्हर पत्ते वाटू लागतात आणि तीच तक्रार नव्या रूपात परत येते.

पत्त्याचा वाद आता फ्रीबीएसडीनंच निकाली काढत आणलाय. १५व्या आवृत्तीपासून आयपी पत्ता असलेला इंटरफेस ब्रिजमध्ये घ्यायला मूळ मांडणीत नकार मिळतो, आणि जुनी रीत हवी असल्यास ट्युनेबल बदलावा लागतो.