पाणी न देता खारावलेली जमीन

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थहून कालगुर्लीकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न हायवे नॉर्थम सोडल्यावर गव्हाच्या पट्ट्यात शिरतो. कंडरडिन, केलरबेरिन, मेरेडिन. तासन्‌तास सपाट शेतं, धान्याचे सायलो आणि १९०३ साली सुरू झालेली पाण्याची पाइपलाइन. मध्येच एखाद्या सखल भागात गहू अचानक संपतो. पांढरे चट्टे, लालसर मांसल पानांची खुरटी झुडपं, वाळून करडे पडलेले झाडांचे सांगाडे. तिथली पापडी बुटाखाली कुरकुरते, कारण ते चक्क मीठ असतं.

कोल्हापूर-सांगलीकडे क्षारपड म्हटलं की कारण ठरलेलं: उसाला पाणी जास्त झालं. इथे पाटाच्या पाण्याचा थेंबही नाही. गहू निव्वळ पावसावर, तोही वर्षाला जेमतेम ३००-३५० मिलिमीटर.

मीठ आलं पावसातूनच. समुद्राच्या तुषारांतले सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर आत येतात आणि सरींबरोबर खाली उतरतात. हेक्टरी वर्षाला २० किलो धरले, तर १०,००० वर्षांत २०० टन होतात. उताराच्या मुलखात नद्या ते परत समुद्रात नेतात. इथला खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना, झिजून सपाट झालेला. मीठ वाहून गेलंच नाही, खोल मुरमात साठत राहिलं.

ते तिथेच दडून होतं, कारण वर युकॅलिप्टसचं रान होतं. बारमाही हिरवी, खोल मुळांची ही झाडं जवळजवळ सगळा पाऊस पिऊन पानांवाटे हवेत सोडत. गव्हाचं तसं नाही. मे-जूनमध्ये पेरणी, वर्षअखेरीस कापणी, मुळं उथळ आणि उन्हाळाभर शेत मोकळं. समजा, त्यामुळे वर्षाला फक्त १० मिलिमीटर पाणी खाली निसटलं. क्षुल्लक वाटतं ना? पण जमिनीतली पाणी मावण्याजोगी पोकळी ५ टक्केच असेल, तर तेवढ्याने भूजल २० सेंटिमीटर वर येतं. पन्नास वर्षांत १० मीटर! वाटेतलं मीठ विरघळवत ते येतं. पातळी पृष्ठभागापासून दोनेक मीटरवर आली की केशाकर्षण सुरू होतं: मातीच्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं, उन्हाने उडतं, मीठ मागे राहतं. बाहेरचं द्रावण इतकं तीव्र होतं की परासरणाने (पाणी कमी खाऱ्या बाजूकडून जास्त खाऱ्या बाजूकडे ओढलं जाण्याने) मुळांत पाणी शिरणंच अवघड. जमीन ओली, पीक तहानलेलं.

हे कळायला उशीर झाला असंही नाही. डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे इंजिनिअरने, रान तोडल्यावर जमिनीतलं आणि ओढ्यांतलं मीठ वाढतं, हे १९२४ मध्येच छापून मांडलं होतं. तरी १९६०च्या दशकात वर्षाला दहा-दहा लाख एकर रान मोकळं करण्याचं सरकारी धोरण होतं. आज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात सुमारे १० लाख हेक्टर जमीन खारावलेली आहे.

खारं पाणी चुंबकातून सोडलं की क्षार मरतात, असं सांगत आपल्याकडे यंत्रं विकली जातात. ती घेऊ नका. चुंबकाने सोडियम पाण्यातून नाहीसं होत नाही. ते निचऱ्याने बाहेर काढावंच लागतं. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून तेच केलं जातं. मेरेडिनच्या सपाटीवर मात्र ते पाणी सोडायचं कुठे? खोल चर खणले तरी ते खालच्या शेजाऱ्याच्या शेतात नाहीतर मिठाच्या सरोवरात जातं. म्हणून कित्येक शेतकरी गहू उंचवट्यावर ठेवतात आणि सखल भागात मेंढ्यांसाठी सॉल्टबुशची, म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारी, झुडपं लावतात.