माहिती नाकारली? ते पाकीट फेकू नका

माहिती अधिकारात अर्ज दिला, नकार आला आणि रागाने पत्र फाडून टाकलं, असे लोक कर्नाटकातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात नेहमी येतात. पत्र तर ठेवाच, पण ते ज्या पाकिटातून आलं तेही ठेवा. पत्रावर आधीची तारीख असते आणि पोस्टात ते आठ-दहा दिवसांनी पडतं, असं आम्ही पाहिलंय. पहिल्या अपिलाचे ३० दिवस पत्र हातात पडल्यापासून मोजतात. ते दाखवायला पोस्टाचा शिक्काच कामी येतो.

पत्र कन्नडमध्ये असेल तर नीट वाचून घ्या. नकाराचं कारण, अपिलाची मुदत आणि अपील कुणाकडे करायचं, हे त्यात लिहिणं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे. नसेल तर तोच अपिलातला पहिला मुद्दा.

खानापूर असो की निपाणी, ग्राहक घेऊन येतात ते उत्तर बहुतेक एका ओळीचं असतं: ‘कडत लभ्यविल्ल’, म्हणजे फाईल उपलब्ध नाही. गावातल्या गटारीच्या कामाचं एम. बी. (मेजरमेंट बुक, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही) मागितलं की हमखास हेच. पण माहिती नाकारण्याची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत आणि फाईल हरवणं त्यात कुठेच नाही. अपिलात स्पष्ट लिहा: फाईल शोधावी, सापडत नसेल तर शेवटी कुणाच्या ताब्यात होती ते लेखी द्यावं. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कचेरीची आहे, तुमची नाही. कलम १९(५) तेच सांगतं.

‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारलं तर काम जरा अवघड. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती न देण्याची ही सूट रुंद केली आहे. तरी कलम ८(२) शिल्लक आहे: माहितीत सार्वजनिक हित कसं आहे ते ठोस लिहा.

अर्ज १५० शब्दांपेक्षा मोठा किंवा एकापेक्षा जास्त विषयांचा म्हणून परत आला असेल तर भांडत बसू नका. कर्नाटकाच्या नियमात तशी अट आहे. दहा रुपये भरून नवा अर्ज द्या.

३० दिवसांत उत्तरच आलं नाही तर तोही नकारच, आणि मग माहिती फुकट द्यावी लागते. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरं अपील. दोषी अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो.

भाषेचं मात्र लक्षात ठेवा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हटलंय, म्हणून आपल्याकडे मराठी अर्ज अडतो. आपल्या माणसांच्या मनाला हे लागतं, आमच्याही लागतं. पण मुदत त्यात घालवू नका. तुम्ही मराठीत सांगा, आम्ही कन्नडमध्ये टाईप करून, ओळ न् ओळ वाचून दाखवून मगच सही घेऊ.

येताना मूळ अर्जाची झेरॉक्स, दहा रुपयांची पावती, पोहोच, नकाराचं पत्र आणि पाकीट आणा. मुदतीचे दोन-तीनच दिवस उरले असतील तर रांगेत थांबू नका, आल्या आल्या सांगा.