संयुक्त राष्ट्रांत इंटर्नशिप आणि नोकरी: नागपूरहून अर्ज करताना पात्रता, कागदपत्रे आणि नावाचा घोळ

युनिसेफचा अर्ज युनिसेफच्या साइटवर, जागतिक आरोग्य संघटनेचा तिच्या साइटवर, संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचा ‘इन्स्पिरा’ या त्याच्या पोर्टलवर. प्रत्येक ठिकाणी खाते वेगळे, फॉर्म वेगळा आणि पात्रतेचे नियमही वेगळे. एक बायोडेटा तयार करून तोच सगळीकडे मेलने पाठवला तर तो कुणीही उघडत नाही. पहिल्या चाळणीत हुशारी बघितली जात नाही. जाहिरातीतले रकाने तुमच्या माहितीशी जुळतात का, एवढेच बघितले जाते. म्हणून आधी ते रकाने समजून घेऊ.

पात्रता: कोणत्या वर्षाला कुठला दरवाजा उघडा

सचिवालयाच्या इंटर्नशिपसाठी तुम्ही पदव्युत्तर किंवा त्यापुढच्या अभ्यासक्रमाला असायला हवे, किंवा पहिल्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. शिक्षण संपले असेल तर त्यानंतर किती काळात रुजू व्हायचे याची मुदत जाहिरातीत असते. ती ओळ सोडू नका. वयाची अट नाही. कालावधी कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ६ महिने. इंग्रजी किंवा फ्रेंच यायला हवी. आई, वडील, भाऊ किंवा बहीण सचिवालयात नोकरीला असेल तर अर्ज बाद होतो. ही इंटर्नशिप बिनपगारी आहे: प्रवास, राहणे, व्हिसा, आरोग्य विमा, सगळा खर्च तुमचा.

युनिसेफचा नियम सैल आहे. वय १८ पूर्ण हवे आणि तुम्ही पदवी, पदव्युत्तर किंवा पीएचडी यांपैकी कशाचेही विद्यार्थी असावे, किंवा शिक्षण संपून २ वर्षांच्या आत असावे. जागतिक आरोग्य संघटनेला वय २० पूर्ण लागते आणि इंटर्नशिप सुरू होण्याआधी विद्यापीठीय शिक्षणाची ३ वर्षे झालेली लागतात. या दोन्हीकडे विद्यावेतनाची पद्धत आहे, पण प्रत्येक जाहिरातीत त्याचा उल्लेख आहे का ते वाचून मगच खर्चाचा हिशेब मांडा.

याचा अर्थ असा, की बीएच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला सचिवालय बंद, युनिसेफ उघडे. वारंग्याच्या विधी विद्यापीठात पाच वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्याला तिसरे वर्ष संपल्यावर आरोग्य संघटनेकडे अर्ज करता येतो, सचिवालयाकडे मात्र पाचव्या वर्षात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या पदवीत आणखी एक गुंता आहे: तिसऱ्या वर्षी बाहेर पडण्याची सोय असल्याने ‘शेवटचे वर्ष’ कोणते, हे फॉर्म वाचणाऱ्याला कळत नाही. ते कॉलेजच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या.

२०२५ पासून अमेरिकेसह काही देणगीदार देशांनी निधी कमी केल्याने अनेक संस्थांनी जागा आवरत्या घेतल्या आहेत. त्यामुळे एकाच संस्थेवर भिस्त ठेवणे आता अजिबात परवडणारे नाही.

न्यूयॉर्कच्या आधी दिल्ली, मुंबई आणि पटनचेरू

बिनपगारी सहा महिने न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात काढणे बहुतेक घरांना झेपत नाही, आणि तसा हट्ट धरायची गरजही नाही. आशिया-पॅसिफिकसाठीच्या आर्थिक व सामाजिक आयोगाचे दक्षिण आशियाचे कार्यालय दिल्लीत आहे. आरोग्य संघटनेचे आग्नेय आशिया विभागीय कार्यालय, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे कार्यालय आणि युनिसेफचे भारत कार्यालयही दिल्लीतच. महाराष्ट्राचे काम पाहणारे युनिसेफचे कार्यालय मुंबईत आहे.

शेतीच्या विद्यार्थ्यांनी हैदराबादजवळच्या पटनचेरूकडे पाहावे. तिथली इक्रिसॅट ही संस्था १९७२ पासून कोरडवाहू पिकांवर काम करते: ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग. ती संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही, पण आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि तिची पिके विदर्भाच्या शेतातलीच आहेत. सौरऊर्जेत रस असेल तर आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय गुरुग्रामला आहे.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम हा नव्या पदवीधरासाठी आमच्या मते सगळ्यात रास्त मार्ग. त्याचे मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. नोंदणी त्यांच्या एकाच पोर्टलवर होते. युवा स्वयंसेवकासाठी वय १८ ते २६. प्रत्यक्ष नेमणुकीत दरमहा निर्वाह भत्ता मिळतो, आणि भारतातच काम असलेल्या ‘राष्ट्रीय’ जागाही निघतात. घरबसल्या करायचे ऑनलाइन काम वेगळे: त्याला पैसे नाहीत, पण आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि जास्तीत जास्त १२ आठवडे, एवढ्यात ते संपते. बायोडेटात दाखवण्याजोगे पहिले काम म्हणून ते चांगले.

नोकरीच्या श्रेणी थोडक्यात. ‘पी’ (प्रोफेशनल) श्रेणीसाठी जगभरातून अर्ज येतात: पदव्युत्तर पदवीनंतर पी-२ ला साधारण २ वर्षांचा अनुभव, पी-३ ला ५, पी-४ ला ७. फक्त पहिली पदवी असेल तर बहुधा २ वर्षे जास्त मागतात. ‘एनओ’ (नॅशनल ऑफिसर) श्रेणी फक्त त्या देशाच्या नागरिकांसाठी असते. दिल्ली-मुंबईतल्या एनओ जागांसाठी तुमची स्पर्धा भारतीयांशीच असते, आणि महाराष्ट्रातल्या कामाला मराठी येणे ही जमेची बाजू ठरते. सचिवालयाची तरुण व्यावसायिकांसाठीची (वायपीपी) भरती परीक्षा ३२ वर्षांपर्यंतच्यांना देता येते, पण ठरावीक देशांच्या नागरिकांनाच. देशांची यादी दरवर्षी बदलते, म्हणून तयारीला लागण्याआधी त्या वर्षीच्या यादीत भारत आहे का ते पाहा.

नाव: इथेच सगळ्यात जास्त गाडी अडते

आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येते. समजा, ‘बोरकर वैष्णवी रमेश’. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात ‘बोरकर’ आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात ‘वैष्णवी रमेश’. फॉर्ममध्ये तीन चौकटी: पहिले, मधले, शेवटचे. मार्कशीट समोर ठेवून भरणारा पहिल्या चौकटीत ‘बोरकर’ टाकतो, आणि तिथून पुढे खाते, निवडपत्र, व्हिसाचे पत्र असे सगळे उलट्या नावाने निघते. फॉर्म भरताना समोर पासपोर्टच ठेवा.

दुसरा घोळ स्पेलिंगचा. विदर्भात वानखेडे आणि वानखडे ही दोन्ही आडनावे आहेत. इंग्रजीत एका अक्षराचाच फरक. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पदवीवर दुसरे, असे झाले तर तपासणीच्या वेळी ती दोन माणसे ठरतात. दुरुस्तीचा पाया दहावीचे प्रमाणपत्र हाच धरा. आधी पासपोर्ट त्याच्याशी जुळवा, मग विद्यापीठाकडे पदवीवरच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज करा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवा. इतर बदलांसाठी राजपत्रातली नोंद भक्कम असते. ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे नोटरीचे शपथपत्र तात्पुरती सोय म्हणून चालू शकते, पण व्हिसाच्या टप्प्यावर त्यावर विसंबू नका.

पासपोर्टच नसेल तर अर्जाआधी काढा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळसाठी त्यावर आणखी २००० रुपये. पोलीस पडताळणीच्या वेळी सध्याच्या पत्त्यावर राहणे गरजेचे. होस्टेलवर राहणाऱ्या मुलांनी गावचा पत्ता टाकला की पोलीस गावी जातात, मुलगा नागपुरात, आणि अहवाल प्रतिकूल जातो.

विद्यापीठ कोणते लिहायचे

फॉर्ममधल्या यादीत कॉलेजचे नाव सापडत नाही म्हणून अनेकजण ‘इतर’ निवडून मोकळे होतात. यादी पदवी देणाऱ्या विद्यापीठांची असते. नागपुरात हे नीट लक्षात घ्यावे लागते, कारण शहर एक असले तरी विद्यापीठे अनेक. बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजांची पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. मेडिकलच्या विद्यार्थ्याची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. कृषी महाविद्यालयाची अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. पशुवैद्यकची मात्र नागपुरातल्याच महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची (‘माफसू’ची). कॉलेजचे नाव पुढच्या तपशिलात लिहा. जुन्या पदवीवर नुसते ‘नागपूर विद्यापीठ’ असेल तर नाव बदलल्याचे तिथेच एका वाक्यात नोंदवा.

पदवी मान्य आहे का हे ठरवताना संयुक्त राष्ट्रांकडे उच्च शिक्षण संस्थांच्या जागतिक यादीचा आधार घेतला जातो. ही यादी आंतरराष्ट्रीय विद्यापीठ संघटना युनेस्कोच्या सहकार्याने ठेवते आणि ती ऑनलाइन फुकट शोधता येते. नव्या किंवा खासगी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ती अर्जाआधीच तपासावी.

टक्केवारी किंवा सीजीपीए मार्कशीटवर जसे आहे तसेच लिहा. अमेरिकी चार गुणांच्या पट्टीत स्वतःच रूपांतर केले तर तो आकडा कुठल्याच कागदावर सापडत नाही.

कागद जमवताना

कॉलेजचे छापील बोनाफाईड ‘एसटी पाससाठी’ किंवा ‘शिष्यवृत्तीसाठी’ असते. ते उपयोगाचे नाही. विभागप्रमुखांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. त्यात अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, चालू सत्र, हे शेवटचे वर्ष आहे की नाही, आणि पदवी पूर्ण होण्याचा अपेक्षित महिना व वर्ष, या चार गोष्टी हव्यात. सही, शिक्का आणि तारीख.

सगळ्या सत्रांच्या मार्कशीट एकाच पीडीएफमध्ये, सरळ, सावलीशिवाय स्कॅन केलेल्या. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट लागेल असे वाटत असेल तर परीक्षा विभागाकडे आधीच अर्ज टाका; निकालांच्या हंगामात तिथे गर्दी असते. दीक्षान्त समारंभ झाला नसेल तर तात्पुरते पदवी प्रमाणपत्र. ॲपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, अर्जाच्या वेळी कुणी मागत नाही; निवडीनंतर त्या देशाच्या व्हिसासाठी लागले तरच करा. आधीच एजंटला पैसे देऊ नका.

सरकारी किंवा अनुदानित नोकरीत असाल तर विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळायला वेळ लागतो.

फॉर्म भरताना

इन्स्पिरात बराच वेळ काही सेव्ह केले नाही तर खात्यातून आपोआप बाहेर काढले जाते आणि लिहिलेले जाते. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा, मग चिकटवा. अनुभवाच्या तारखा महिन्यासकट द्या, कारण मोजणी महिन्यांत होते.

‘पर्यावरण प्रकल्पात काम केले’ या वाक्याने काहीच कळत नाही. तेच काम असे लिहा: ‘नाग नदीच्या सहा ठिकाणांहून चार महिने पाण्याचे नमुने घेतले, प्रयोगशाळेत जैविक ऑक्सिजनची मागणी मोजली, तक्ते तयार करून अहवालाचे एक प्रकरण लिहिले.’ किती, किती दिवस, काय हाती आले. एनएसएसच्या मुलांकडे दोन वर्षांचे २४० तास असतात. ते तास आणि दत्तक गावातले काम लिहायचे राहून जाते. मॉडेल यूएन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची विद्यार्थ्यांनी केलेली नक्कल, त्यातला सहभाग मात्र संयुक्त राष्ट्रांचा अनुभव म्हणून दाखवू नका, तो सहशालेय उपक्रमातच शोभतो.

सल्लागाराच्या कामासाठी अर्ज असेल तर बहुधा आर्थिक प्रस्तावही मागतात: दिवसाचा किंवा महिन्याचा दर, नागपूरहून जाण्या-येण्याचा खर्च, मुक्काम. तो जोडला नाही तर अर्ज अपुरा समजला जातो.

शेवटची तारीख कोणत्या घड्याळाची आहे ते पाहा. न्यूयॉर्कची रात्र ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ९:२९, आणि तिकडच्या हिवाळ्यात १०:२९. पण आपापली स्थानिक वेळ देणारी कार्यालयेही असतात, म्हणून दोन दिवस आधीच अर्ज टाकलेला बरा.

मुलाखत बहुधा ऑनलाइन होते आणि प्रश्न ‘तुम्ही काय केले ते सांगा’ अशा धर्तीचे असतात. परिस्थिती, तुमची कृती, निकाल, या क्रमाने तीन-चार प्रसंग तयार ठेवा. गटाने केलेल्या कामात ‘आम्ही’ म्हणायची आपली सवय इथे अडचणीची ठरते. तुमचा स्वतःचा वाटा कोणता, हेच त्यांना ऐकायचे असते.

अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही संयुक्त राष्ट्रे पैसे घेत नाहीत आणि बँक खात्याचा तपशीलही अर्जात मागत नाहीत. जीमेलवरून आलेले निवडपत्र, ‘ओळखपत्राची फी’, ‘अनामत रक्कम’ यांतले काहीही दिसले तर तिथेच थांबा.

निवड झाल्यावर

करारावर सही, नेमणुकीच्या देशात चालणाऱ्या आरोग्य विम्याचा पुरावा, पासपोर्टची वैधता, आणि मागितले तर पोलीस ना-हरकत प्रमाणपत्र. ते पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळते, फी ५०० रुपये. व्हिसासाठी संस्था पत्र देते, अर्ज तुम्ही करायचा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती परदेशातल्या पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे. इंटर्नशिपचा खर्च तिच्यातून निघेल असे गृहीत धरू नका.

रुजू होण्याची तारीख ठरवताना विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांचे वेळापत्रक समोर ठेवा. परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या तर मधेच सोडून येता येत नाही. निवडीच्या मेलला उत्तर देतानाच, शेवटच्या पेपरनंतर किमान दोन आठवड्यांनी सुरुवात करता येईल असे लिहा. तारखेबद्दल या टप्प्यावर विनंती करायला हरकत नसते.