किर्चनरचा हात युद्धात गेला नव्हता

जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्चनरचं १९१५ मधलं, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं ‘सैनिकाच्या वेषातलं आत्मचित्र’ दाखवून ‘बिचाऱ्याचा उजवा हात युद्धात तुटला’ असं सर्रास सांगितलं जातं. साफ चूक. जर्मनीतल्या हाल्ले शहरात तोफखान्याचं प्रशिक्षण चालू असतानाच त्याचं मन खचलं आणि त्याला घरी पाठवलं. युद्धाची आघाडी त्याने पाहिलीच नाही. हात शाबूत होता, पुढे वीसेक वर्षं तो रंगवत राहिला.

मग तो तुटका पंजा? चित्र काढता येणार नाही, ही धास्ती. चेहरा आजाऱ्यासारखा पिवळट, ओठांत सिगारेट, डोळ्यांत बुबुळंच नाहीत. गणवेश निळा, खांद्यावर रेजिमेंटचा ७५ आकडा. आणि मनगटाशी ते कच्चं लाल! खऱ्या जखमेपेक्षा तेच जास्त अंगावर येतं.