दोन ‘उणे एक’

खानापूरच्या एका पतसंस्थेचा बॅकअप बेळगावातील साठवण सर्व्हरवर घेण्याची व्यवस्था लावताना पडद्यावर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा संदेश आला, आणि पुढचे दोन दिवस मी वापरकर्त्यांची नावे, पासवर्ड आणि परवानग्या तपासण्यात घालवले. परवानगीचा प्रश्नच नव्हता. सर्व्हरवरची आय-स्कझी सेवा (नेटवर्कवरून दूरची डिस्क वापरू देणारी) बंद पडली होती.

जोडणी करून देणाऱ्या आमच्या लायब्ररीने (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडने) जोडणी फसल्यावर ‘उणे एक’ ही संख्या परत केली होती, आणि घोटाळा ‘उणे एक’च्या दोन अर्थांत होता. सी भाषेतील नेहमीच्या सिस्टिम कॉलमध्ये (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागणीत) उणे एक म्हणजे ‘काम झाले नाही’ एवढेच. कारण ‘एर्नो’ या चलात वेगळे पाहावे लागते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आणि तोच पायंडा पाळणाऱ्या अनेक लायब्ररींमध्ये, परत येणारी संख्या हेच कारण असते: त्रुटीचा क्रमांक, उणे करून दिलेला. त्या यादीत १ हा क्रमांक ‘ईपर्म’चा, म्हणजे परवानगी नसल्याचा आहे. त्यामुळे पहिल्या पद्धतीची सवय असलेल्याने दुसऱ्या पद्धतीच्या लायब्ररीत उणे एक परत केला, की ते उत्तर केवळ अपुरे राहत नाही, खोटे ठरते. कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) हरकत घेत नाही. त्याच्या लेखी दोन्ही पूर्णांकच.

नेमका क्रमांक मिळाला असता, तर पुढचे पाऊल लगेच ठरले असते. लिनक्सवर १११ (‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, जोडणी नाकारली) म्हणजे पलीकडचे यंत्र चालू आहे, पण आय-स्कझीच्या ३२६० या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, ऐकणारे कोणी नाही; सेवा सुरू करायला एक फोन पुरतो. ११० म्हणजे उत्तरच आले नाही: यंत्र बंद असेल, फायरवॉल पाकिटे गिळत असेल, किंवा पावसाळ्यात वाटेत कुठे केबल तुटली असेल, आणि मग माणूस पाठवावा लागतो. (फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हेच क्रमांक ६१ आणि ६० आहेत, म्हणून कोडमध्ये आकडे न लिहिता नावेच लिहावीत.)

कारण हरवते ते बहुधा जोडणीच्या वेळी. उत्तराची वाट पाहत न थांबणाऱ्या सॉकेटवर (जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावर) जोडणी मागणारा ‘कनेक्ट’ हा कॉल आधी ‘काम चालू आहे’ असे सांगून परततो. खरा निकाल नंतर सॉकेटच्या ‘एसओ एरर’ या पर्यायातून विचारून घ्यावा लागतो, आणि तो एकदा वाचला की पुसला जातो. आमच्या लायब्ररीत तो वाचून, शून्य नाही एवढे पाहून, उणे एक परत केला जात होता. तेथे वाचलेला क्रमांकच उणे करून पुढे दिला आणि सेवा मुद्दाम बंद करून पाहिली. पडद्यावर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ उमटले.